सातबारा आणि मामा

परदेशी शिकणाऱ्या मुलाच्या शैक्षणिक कर्जाला बँका जे तारण, म्हणजे परतफेडीच्या हमीपोटी गहाण ठेवायची मालमत्ता, मागतात, त्यात शेतजमीन सहसा बसत नाही. कारण न्यायालयाची पायरी न चढता गहाण मालमत्ता जप्त करू देणारा सरफेसी कायदा, २००२, शेतजमिनीला हात लावू देत नाही. शेतकऱ्याच्या रक्षणासाठी केलेल्या या तरतुदीने वसमतच्या हळद उत्पादकाचे रक्षण इतके चोख केले आहे, की दहा एकरांचा सातबारा खिशात असूनही त्याला हिंगोलीत एन.ए., म्हणजे बिगरशेती, प्लॉट बाळगणाऱ्या मेहुण्याची मनधरणी करावी लागते. मेहुणाही नाही म्हणत नाही. फक्त सही करण्यापूर्वी भाच्याच्या लग्नाचा आणि ओघाने आपल्या लेकीचा विषय काढतो, आणि हे तारण सोडवून घेण्याची तरतूद मात्र कोणत्याच कायद्यात आढळत नाही.