संकल्प सोडावा कसा

पूजेला बसलं की गुरुजी आपल्या हातावर पळीभर पाणी घालतात, आपण ते ताम्हनात सोडतो आणि संकल्प 'सोडला' म्हणतो. म्हणजे केला. करणं आणि सोडणं ही दोन्ही कामं एकाच पळीत उरकणाऱ्या भाषेत आपण जन्मलो, हे आपलं भाग्य.

पहाटे पाचला उठून बारा सूर्यनमस्कार घालायचा संकल्प मी गेली एकोणीस वर्षं सोडतो आहे. एकही वर्ष चुकलेलं नाही. एवढं सातत्य असलेला माणूस आमच्या सोसायटीत दुसरा नाही, म्हणून नवशिक्यांसाठी हे मार्गदर्शन. सूचना क्रमाने वाचा. अमलात आणायच्या असतील तर उद्यापासून.

१. मुहूर्त धरा

उठले आणि लागले, असं करू नका. असे लोक दुसऱ्या दिवशीही करतात, तिसऱ्याही, आणि महिन्याभराने त्यांच्याकडे चारचौघांत सांगण्यासारखं काही उरत नाही.

१ जानेवारी हा कच्च्यांचा मुहूर्त. पुण्यात त्या दिवशी सूर्य सात वाजून गेल्यावर उगवतो. पाचला उठलेल्या माणसाने दोन तास नमस्कार घालायचे कोणाला? ही अडचण घरात ठणकावून सांगा आणि संक्रांतीवर जा. संक्रांतीला तिळगुळाने घसा धरतो. पुढे रथसप्तमी, ती तर सूर्याचीच तिथी. पण ती येऊन गेल्याचं कॅलेंडरात दोन दिवसांनी दिसतं. घाबरू नका. पाडवा, अक्षय्य तृतीया, दसरा आणि अर्धी बलिप्रतिपदा असे साडेतीन मुहूर्त अजून शिल्लक आहेत. अर्ध्या मुहूर्तावर सहाच नमस्कार घातले तरी चालतात, असं माझं मत आहे. मधल्या पितृपंधरवड्यात नवीन काही सुरू करत नाहीत. जुनं चालू ठेवायला मात्र हरकत नसते, पण कुणी विचारेपर्यंत ते आपण काढू नये.

२. साहित्य जमवा

सहा मिलिमीटर जाडीची मॅट, घाम शोषणारे दोन टी-शर्ट (घाम नंतर येईल), तांब्याची बाटली, मनगटावरचं घड्याळ आणि रोजची नोंद करायला कातडी बांधणीची डायरी. मॅट मागवल्यावर ती कुठवर आली हे फोनवर तासातासाला बघत चला. भिवंडी सुटली, चाकण आलं. या चार दिवसांत जो उत्साह वाटतो तो पुन्हा वाटत नाही, तेव्हा शक्यतो लांबून मागवा.

सोबत थोडा इतिहास वाचून ठेवा. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कारांचा प्रचार केला, त्यावर इंग्रजीत त्यांचं पुस्तक १९३८ साली लंडनमध्ये निघालं. हे सांगताना औंध म्हणजे पुण्यातलं नव्हे, साताऱ्याचं, हा खुलासा अवश्य करा. त्यावर समोरचा 'अरे हो का?' म्हणतो आणि पंधरा मिनिटं छान जातात. तेवढ्यात बारा नमस्कार घालून झाले असते, पण ज्ञानाचं काय?

३. आकडे पाठ करा

सवय लागायला २१ दिवस लागतात, असं कोणीही सांगेल. हे कुठून आलं ते मात्र तुम्ही सांगा. मॅक्सवेल माल्ट्झ नावाचे अमेरिकन प्लास्टिक सर्जन होते. नाक-चेहरा बदललेल्या माणसाला आरशातल्या आपल्या रूपाची सवय व्हायला निदान २१ दिवस लागतात, असं त्यांनी पाहिलं आणि १९६० च्या पुस्तकात लिहिलं. पुढे 'निदान' गळालं, नाकही गळालं, राहिले ते २१ दिवस. आता ते पहाटे उठण्यालाही लागू आहेत आणि कारल्याच्या रसालाही.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातल्या संशोधकांनी मग ९६ माणसांना एकेक सवय निवडायला लावून १२ आठवडे पाहिलं. सवय अंगवळणी पडायला लागणाऱ्या दिवसांचा मधला आकडा ६६ निघाला. कुणाला १८, कुणाला २५४. आता १२ आठवड्यांत दिवस होतात ८४. तरी २५४ कसे निघाले? गणिताने आलेख पुढे ओढून. हे समजल्यावर मला त्या संशोधकांविषयी फार आपुलकी वाटली. माझेही बरेच नमस्कार तसेच पुढे ओढलेले आहेत.

त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली: एखादा दिवस चुकला तर सवय लागण्यात फारसं बिघडत नाही. हे वाक्य कापून आरशाला चिकटवा. रोज सकाळी दात घासताना वाचा आणि आजचा दिवस 'एखादा' धरा.

४. गजर लावा

पाचचा, पाच-पाचचा आणि पाच-दहाचा असे तीन लावा. पहिल्याने बायको उठते, दुसऱ्याने वरच्या मजल्यावरचे काका उठतात, तिसऱ्याने कुत्रं. तुम्ही उठायचं कारण नाही, आळी जागी झाली आहे.

फोन हाताशी ठेवू नये, लांब ठेवावा, असं तज्ज्ञ म्हणतात. मी तो स्वयंपाकघरात, फ्रीजवर ठेवून पाहिला. पाच वाजता उठलो, फ्रीजपाशी गेलो, गजर बंद केला, फ्रीज उघडला. रात्रीचा श्रीखंडाचा डबा समोरच होता. आठवडाभर न चुकता पाचला उठलो. ही माझ्या कारकिर्दीतली सर्वांत लांब मजल आहे.

५. खाडे मांडा

कातडी डायरी सहाव्या दिवशी सापडत नाही, तेव्हा भिंतीवरच्या कॅलेंडरवर नोंद करा. केलं त्या दिवशी टिकली, नाही केलं तर फुली. फक्त एक काळजी घ्या: त्याच कॅलेंडरवर दुधाचे खाडे मांडलेले नसावेत.

आमच्याकडे मांडलेले होते. महिनाअखेरीला दूधवाला हिशेबाला आला. आईने फुल्या मोजून सांगितलं, 'या महिन्यात बावीस खाडे.' तो बिचारा खालीच बसला. म्हणाला, 'आजी, आठ दिवस दूध घालून तुमच्याकडे रोज सहा कप चहा कसा होतो?' चौकशी झाली. माझी बावीस दिवसांची साधना दूधवाला, आई आणि जिन्यातून जाणारे दोघे यांच्यासमोर मोजली गेली. तेव्हापासून मी माझे खाडे कॅलेंडरच्या मागच्या बाजूला मांडतो. मागची पानं भरली की राशिभविष्याच्या समासात.

६. अडचण आली तर रेटा

इथे मन घट्ट लागतं. नमस्कारांची बारा नावं असतात, दर नमस्काराला एक. चौथं 'भानवे'. माझं भान साधारण तिथे हरपतं. तुमचं दुसऱ्यालाच हरपलं तरी वाईट वाटून घेऊ नका, प्रत्येकाची प्रकृती वेगळी. गुडघ्यातून कट् असा आवाज आला तर तो गुडघ्याचा नसून फरशीचा आहे असं समजून पुढे चला, म्हणजे पलंगाकडे.

आईला मी एकदा तज्ज्ञांचं म्हणणं समजावून सांगितलं. सवय जडायला एक ठरलेला इशारा लागतो. तो मिळाला की शरीर आपोआप कामाला लागतं. ती म्हणाली, 'म्हणजे नळ.' आमच्या जुन्या वाड्यात पाणी पहाटे पाचला यायचं आणि पावणेसहाला जायचं. चाळीस वर्षं ती पाचला उठली. डायरी नव्हती, मॅट नव्हती, हंडा होता. आता चोवीस तास पाणी आहे, तरी ती पाचलाच उठते आणि नळाकडे एकदा संशयाने बघून येते. चातुर्मासात कांदा-लसूण-वांगं सोडते तेही कुणाला न सांगता. आम्हाला भाजीच्या चवीवरून कळतं. हे उदाहरण नवशिक्यांच्या उपयोगाचं नाही. यात जाहीर करण्याची सोयच नाही.

७. बदली पुण्य शोधा

नमस्कार जमेनात तर पावलं मोजा. रोज दहा हजार. हा आकडा कुठल्या वैद्याने काढलेला नाही. १९६५ साली जपानात पावलं मोजायचं एक यंत्र विकायला आलं, त्याचं नावच 'दहा-हजार-पावलं-मापक' अशा अर्थाचं होतं. नाव कानाला बरं वाटलं आणि जग चालायला लागलं. मनगटी घड्याळ हाताच्या हेलकाव्यावर मोजतं, त्यामुळे मालिका बघताना लसूण सोललात तरी काही पावलं पदरात पडतात. खोबरं खवलंत तर फारच.

थंडीत धुंधुरमास पाळा. पहाटे उठून सूर्य उगवायच्या वेळेला गरम बाजरीची भाकरी, लोण्याचा गोळा आणि मुगाची खिचडी खायची, हे व्रत आहे. पहाटे उठण्याचं बक्षीस आधी ताटात वाढणारे आपले पूर्वज मानसशास्त्रात पुष्कळ पुढे होते. जेवल्यावर नमस्कार घालायचे नसतात, हेही त्यांनीच सांगितलेलं.

८. उद्यापन

व्रत संपवताना उद्यापन करावं लागतं. मॅट गुंडाळून कपाटावर ठेवा. आमची तिथे दोन वर्षं होती. यंदा चैत्रात आईने कुरडयांचा घाट घातला आणि म्हणाली, 'तुझी ती निळी सतरंजी आण गच्चीवर.' मॅटवर प्लॅस्टिकचा कागद, कागदावर कुरडया. मॅटला शेवटी सूर्यदर्शन झालं.

गव्हाचा चीक पहाटे शिजवतात आणि गरम असताना घाटायला दोन हात लागतात, म्हणून मला पाचला उठवलं. वाटीभर चीक दूधसाखर घालून मिळतो, तेव्हा उठलोही. मग उन्हं येईपर्यंत कावळे हाकलायला गच्चीवर उभा. कावळा आला की दोन्ही हात वर, कागद उडाला की वाकून कोपऱ्यावर दगड, पुन्हा हात वर. चार दिवस हे चाललं होतं. पाचव्या दिवशी समोरच्या गच्चीवर फेऱ्या मारणारे गृहस्थ कठड्याशी आले आणि आदराने म्हणाले, 'रोज बघतो तुम्हाला. किती घालता हो?'

मी खरं ते सांगितलं. 'कावळे येतील तितके.'