दीडशेव्या युनिटाची राखण

इंदूरच्या लालबागमागच्या गल्लीतले आमचे काका महिनाअखेर आली की मीटरपाशी स्टूल टाकून बसतात. आताच्या रीडिंगमधून मागचं रीडिंग वजा करतात आणि उत्तर १४७ आलं की घरात हाक जाते, "मिक्सर बंद! चटणी पाट्यावर वाटा!" मध्य प्रदेशात महिन्याचा वापर १५० युनिटांच्या आत राहिला तर पहिल्या शंभर युनिटांचे शंभरच रुपये पडतात. १५१वं युनिट जळलं की सवलत गेली. ही योजना आधी इंदिरा गृहज्योती होती, आता अटल गृहज्योती आहे. पाटा तोच.

परवा सोलरवाला पोरगा आला. "काका, पीएम सूर्यघर! तीन किलोवॅटला ७८ हजारांची सबसिडी. बिल झीरो!"

"आता चार-पाचशे येतं. वरचा लाखभर घालायचा मी. फिटेपर्यंत भिंतीवरच्या फोटोत असेन."

पोराने मोबाइलवर हिशेब केला, गप्प झाला. काकूंनी पोहे दिले.

म्हणजे सरकारचा एक खिसा मीटरची वीज स्वस्त करायला पैसे मोजतो आणि दुसरा लोकांनी ती सोडावी म्हणून. दोन्ही खिसे आपापल्या अहवालात यशस्वी.

समोरच्या बंगल्यात दोन एसी. त्यांनी सोलरचं कोटेशन योजनेच्या आधीच मागवलं होतं. अनुदान आलं तसा तिसरा एसीही आला. अहवालात हे घर 'लाभार्थी'. योजना नसती तर त्यांनी काय केलं असतं, हा रकाना फॉर्मवर नाही.

२०२२ पर्यंत देशभरच्या छपरांवर ४० गिगावॅट चढवायचे होते. पाव भागही चढला नाही. २०२४ मध्ये नवी योजना आली, हीच सूर्यघर: एक कोटी घरं, ७५,०२१ कोटी रुपये. आपल्याकडे लक्ष्य हुकलं की चौकशी होत नाही, बारसं होतं.

त्या मानाने आमची महापालिका बरी. २०२३ मध्ये २४४ कोटींचे हरित रोखे काढले, जलूदजवळच्या ६० मेगावॅटच्या सौर प्रकल्पासाठी. नर्मदा तिथूनच उपसून इंदूरला चढवतात. तिथे पंपांचं बिल किती उतरलं तेवढं पाहिलं की झालं, समिती नको.

पण समिती असतेच. काल एक सर्वेवाली मुलगी टॅब घेऊन आली. "काका, सौर ऊर्जेबद्दल समाधानी आहात?"

"अगदी!" काका म्हणाले. "गच्चीवर पापड दोन दिवसांत कडकडीत वाळतात."

तिने 'होय' दाबलं.