सहकर्जदाराचे प्रवेश समितीस पत्र

प्रति,
मा. प्रवेश समिती,
क्वांटिटेटिव्ह फायनान्स मास्टर्स अभ्यासक्रम,
अमेरिकेतील एक नामांकित विद्यापीठ.

विषय : अर्जात माझ्यासाठी रकाना नसल्याबाबत.

महोदय/महोदया,

आपल्या ऑनलाइन अर्जात मुलीची सगळी कुंडली विचारली आहे. शिफारस देणारे कोण, आई-वडील किती शिकलेले, सुट्टीत ती काय करते, सगळे. सहकर्जदार कोण, एवढे मात्र विचारायचे राहून गेले आहे. तो मी. कराडला उभी हयात विमा विकला. जोखमीवरच माझेही पोट चालले, तेव्हा व्यवसायबंधू या नात्याने चार ओळी लिहितो. इंग्रजी भाषांतर नोटरी करून हवे असल्यास कळवावे; त्याचीही आता सवय झाली आहे.

माझी मुलगी हिंजवडीत नोकरी करते. इंजिनिअर आहे, गणितात बरी आहे. 'हाच विषय का?' या आपल्या प्रश्नाला तिने आधी प्रामाणिक उत्तर लिहिले होते. तिचा मामा दर आठवड्याला निफ्टीचे ऑप्शन घ्यायचा आणि एक्स्पायरीच्या संध्याकाळी कोणाशी बोलायचा नाही. पुढे सेबीने २०२४ साली अहवाल काढला की फ्युचर्स-ऑप्शनमध्ये उतरलेल्या किरकोळ गुंतवणूकदारांपैकी ९३ टक्के लोकांनी तीन वर्षांत पैसे घालवले, एकूण १.८ लाख कोटींहून जास्त. मामा बहुमतात निघाला. मुलीला प्रश्न पडला, की इतक्या लोकांनी घालवले ते दुसऱ्या बाजूला घेतले कोणी आणि कोणत्या गणिताने? मला तर हे कारण पुरेसे वाटले होते.

पुण्याच्या कन्सल्टंटने तो परिच्छेद काढून टाकला. म्हणाला, 'निगेटिव्ह वाटतो, शिवाय मामा कमिटीला आवडणार नाही.' आता आपल्यापुढे येणाऱ्या निबंधात लहानपणापासून तिला बाजाराचे आकर्षण होते असे आहे. लहानपणी तिला आकर्षण होते ते कृष्णाकाठच्या भेळेचे, पण त्याला शब्दमर्यादेत जागा नाही.

शिफारसपत्रांचे फार बोलत नाही. 'तूच लिहून आण, सही करतो,' असे सर म्हणाले, हे आपल्यालाही ठाऊक असणार. तीन वेगवेगळ्या प्राध्यापकांना एकाच मुलीबद्दल एकाच शैलीत इतके भरून आलेले पाहून आपण काय समजायचे ते समजत असालच. अडले ते ईमेलवर. आपल्याला कॉलेजच्या पत्त्यावरून आलेले पत्र हवे आणि सरांचा कॉलेजचा पत्ता त्यांनी कधी उघडलेलाच नाही. गुणांचेही तसेच. आमच्या विद्यापीठात ६० टक्क्यांना प्रथम श्रेणी आणि ७० ला पेढे. तिकडच्या चार गुणांच्या मापात ते बसवले की पेढे वाटल्याची लाज वाटते.

मुलाखत कॅमेऱ्यापुढे झाली. समोर माणूस नाही, पडद्यावर प्रश्न आणि उलटी मोजणी. आधी स्वतःविषयी सांगा, मग गणित : नाणे सलग दोनदा छाप पडेपर्यंत उडवले तर सरासरी किती वेळा उडवावे लागेल? ती म्हणाली सहा, आणि पटकन सिद्धही केले. दाराआड उभा राहून मी ऐकत होतो. रात्री जेवताना मी तिला दुसरे उदाहरण घातले. फी इतकी, व्याज इतके, व्हिसा मिळण्याची शक्यता अमुक, नोकरीची तमुक, तर कर्जाला तारण दिलेल्या कराडच्या फ्लॅटचे अपेक्षित मूल्य काढ. म्हणाली, 'बाबा, यात डेटा पुरेसा नाही.' एवढ्या उत्तरावर तरी आपण तिला प्रवेश द्यावा.

आता मूळ मुद्दा. आपल्यासारख्या काही अभ्यासक्रमांची फी एक लाख डॉलरच्या आसपास जाते. राहणे, जेवण, आरोग्य विमा वेगळे. शैक्षणिक कर्ज साडेसात लाखांच्या वर गेले की सरकारी बँक साधारणपणे तारण मागते. आमची शेतजमीन बँकेला नको होती, फ्लॅट चालला. वकिलाचा सर्च रिपोर्ट झाला, सोसायटीचा ना हरकत दाखला झाला, मग व्हॅल्युअर आला. त्याने भिंतीवर बोट टेकवून ओल पाहिली आणि आम्ही ज्याला घर म्हणतो त्याची किंमत बाजारभावाच्या बरीच खाली लिहिली. जोखीम मोजणे याला म्हणतात, हे मला मान्य आहे.

पण कर्ज मंजूर होते रुपयांत आणि फी जाते डॉलरमध्ये, तीही सत्रागणिक, त्या दिवशीच्या भावाने. २०१५ साली डॉलर ६५ रुपयांच्या आसपास होता, डिसेंबर २०२५ मध्ये त्याने ९० ओलांडले. मधली तफावत कोणी भरायची ते मंजुरीपत्रात लिहिलेले नसते, कारण ते सगळ्यांना माहीत असते. मुलीने सुचवले, 'करन्सी फॉरवर्ड घेऊन हेज करता येईल.' मी शाखेत जाऊन तसे बोललो. मॅनेजरसाहेबांनी मन लावून ऐकले आणि मुदत ठेवीचा फॉर्म पुढे केला.

हेजचेच बोलायचे तर, आपल्या अभ्यासक्रमात ज्या सूत्राने ऑप्शनची किंमत काढायला शिकवतात ते १९७३ चे आहे. त्या कामासाठी १९९७ साली मर्टन आणि शोल्स यांना नोबेल मिळाले. ते दोघे ज्या फंडात भागीदार होते, तो लाँग टर्म कॅपिटल मॅनेजमेंट पुढच्याच वर्षी कोसळला. तेव्हा न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्हने मोठमोठ्या बँकांना एकत्र बसवून सुमारे ३.६ अब्ज डॉलर उभे करवले. कराडच्या दोन बेडरूमसाठी अशी बैठक कोणी बोलावेल, या भ्रमात मी नाही.

व्हिसाच्या खिडकीवर तर कळसच आहे. अमेरिकेच्या १९५२ च्या कायद्यातले २१४(ब) कलम विद्यार्थी व्हिसाचा प्रत्येक अर्जदार तिथेच राहायला निघाला आहे असे धरून चालते. तसे नाही हे त्याने पटवून द्यायचे. म्हणजे आपल्याला सांगायचे, वॉल स्ट्रीटवर नोकरी हे माझे ध्येय. बँकेला सांगायचे, पगार डॉलरमध्ये येईल आणि हप्ता चुकणार नाही. मुंबईत बीकेसीतल्या व्हिसाच्या साहेबाला सांगायचे, शिकून झाले की मी कराडला. यातली कोणतीही दोन उत्तरे एका टेबलावर येऊ देऊ नका, असा कन्सल्टंटचा सल्ला आहे, आणि त्याचे पैसे आम्ही मोजले आहेत. वर आपल्या अर्जाच्या शेवटच्या पानावर 'सर्व माहिती सत्य आहे' अशी सही! ती मुलीने केली. कन्सल्टंटचे ते बाजाराचे आकर्षण सोडले तर खोटे तिने कुठेच लिहिलेले नाही, प्रत्येक खिडकीला आवडेल तेवढेच खरे लिहिले आहे. २०२५ च्या जूनपासून विद्यार्थी व्हिसासाठी समाजमाध्यमांवरची खातीही सगळ्यांना दिसतील अशी उघडी ठेवायला सांगतात. तिचे खाते उघडे आहे. म्हटले मग माझेही पत्र खुलेच असू दे.

पुढचे मी वाचून ठेवले आहे. पदवीनंतर कामाची परवानगी एक वर्ष, आपला अभ्यासक्रम 'स्टेम'मध्ये मोडत असेल तर आणखी दोन. पहिल्या वर्षात बेकारीचे ९० दिवस भरले की गाशा गुंडाळायचा. त्यानंतर एच-१बी. वर्षाला ८५ हजार जागा, मागणी त्याहून कितीतरी जास्त, म्हणून सोडत. सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या अर्जांवर एक लाख डॉलरची आकारणी जाहीर झाली, मग ती कोणाला लागू आणि कोणाला नाही याचे खुलासे आले. ज्या देशात यादृच्छिकतेचे गणित इतके उत्तम शिकवतात, तिथे त्याचे प्रात्यक्षिकही मिळते, ही जमेची बाजू म्हणायची.

या साखळीत बँकेकडे तारण आहे, सरकारकडे कलम आहे आणि आपल्याकडे डिपॉझिट आहे. प्रवेशाचे पत्र आले की जागा राखायला ते काही आठवड्यांत भरायचे, व्हिसाची तारीखही मिळालेली नसताना, आणि बहुधा परत मिळत नाही. आमच्या धंद्यात याला प्रीमियम म्हणतात. फरक एवढाच, की आमच्याकडे माणूस गेला तर वारसाला काहीतरी मिळते.

म्हणून दोनच विनंत्या. व्हिसा नाकारला गेला तर डिपॉझिट परत करावे. नाकारल्याचा कागद आम्ही जोडू, नोटरीसकट. दुसरी आपल्या नोकऱ्यांच्या अहवालाबद्दल. नोकरी मिळालेल्यांचा जो टक्का आपण ठळक छापता, तो बहुधा नोकरी शोधत असलेल्या आणि माहिती कळवलेल्या मुलांपुरता असतो, असे तळटीप सांगते. मी विम्याचा माणूस, तळटीप आधी वाचतो. परदेशी विद्यार्थ्यांची वेगळी ओळ छापावी : किती आले, किती जणांना नोकरी लागली, तीन वर्षांनी त्यातले किती त्या देशात आहेत. हे आकडे मांडायला आपण शिकवता ते इतोचे कलनशास्त्र लागत नाही, वजाबाकी पुरते. ते आकडे वाईट निघाले तरी आम्ही अर्ज मागे घेणार नाही, पण व्हॅल्युअरने आमच्या भिंतीला बोट लावले तसे आम्हालाही कुठेतरी लावता येईल.

आपले उत्तर येईपर्यंत मुलीचा अर्ज थांबवलेला नाही. अर्जाची फी भरली आहे. ती परत मिळत नाही, हे मी वाचले आहे.

आपला विश्वासू,
अर्जदाराचा सहकर्जदार,
कराड, जि. सातारा.