डग्गा गेला कुठं?

“काकू, धुणं झालं का वाळत घालून? जरा भिंतीपाशी या की. मामंजींनी सकाळपासनं डोकं उठवलंय.”

“आता काय झालं?”

“तो खिशातला प्लेअर नाही का घेऊन दिला त्यांना, कार्डाचा? म्हणतात, तबला येतो, डग्गा कुठं गेला?”

“म्हणजे कान शाबूत आहेत म्हणायचे. वय झालं की आधी बारीक, वरचे आवाज जातात. खालचा खर्ज बरेच दिवस टिकतो. तू काय केलंस मग?”

“पोरानं इक्वलायझर उघडून बेसच्या पट्ट्या पार वर ढकलल्या. डग्गा आला, पण फाटका. समेवर आला की नुसतं फर्रर्र.”

“फाटणारच. आमचे हे नाटकांच्या साउंडला होते ना, त्यांचं ठरलेलं पालुपद आहे: बेस फुकट मिळत नाही. तीन डेसिबल चढवायचे तर दुप्पट ताकद लागते, दहा चढवले तर दहापट. एवढीशी बॅटरी कुठनं आणणार? त्यात हल्लीची गाणी आधीच काठोकाठ भरलेली, वर जागाच नसते. मग लाटेचा माथा कापला जातो आणि तुझं ते फर्रर्र. उलटं कर. बेस मूळ जागी ठेव, मधल्या आणि वरच्या पट्ट्या थोड्या खाली घे. एकूण आवाज कमी वाटेल, तो बटणानं वाढव.”

“करते. पण मुळातच का येईना? डब्यावर मोठ्या अक्षरात ‘हेवी बेस’ लिहिलंय.”

“डब्यावर काय, काहीही छापतात. कानातली रबरी बोंडं बदललीस का? तीन मापांची येतात.”

“अय्या, ती पिशवी फ्रीजवर पडलीय!”

“सगळ्यांच्याच घरी पडलेली असते. मधलं माप बसवून येतं आणि आपण तेच घालून बसतो. बोंड सैल असलं की फटीतनं सगळ्यात आधी खर्ज पळतो, चिरका आवाज तेवढा राहतो. मग लोक हेडफोनला नावं ठेवतात. मामंजींना मोठी बोंडं घालून दोन वाक्यं बोलायला सांग. स्वतःचा आवाज डोक्यात घुमला तर कान नीट बंद झाला. आणि दोन्ही कानांना एकच माप लागतं असंही नाही हं. हे डाव्या कानाला मोठं घालतात, उजव्याला मधलं. तरी नाही जमलं तर फोमची घे. चिमटीत दाबून आत घालायची, कानात फुगून बसतात.”

“आणि मोबाइलवर तंबोरा लावून बसतात ते? त्यात तर काहीच घुमत नाही.”

“मिरजेत राहून मोबाइलचा तंबोरा! सतारमेकर गल्लीत ऐकू गेलं तर काय म्हणतील? काळी एकमध्ये खर्जाची तार सेकंदाला एकोणसत्तरच्या आसपास कंप पावते. नखाएवढ्या स्पीकरला तेवढी हवा हलवता येत नाही. त्यातनं येतात ते वरचे स्वर. खालचा ‘सा’ आपला मेंदू भरून काढतो. छोटा ब्लूटूथ स्पीकर असेल तर तो खिडकीत टांगू नको, खोलीच्या कोपऱ्यात ठेव. दोन्ही भिंती खर्जाला हात देतात.”

“कार्डात त्यांची जुनी नाट्यगीतंही भरलीत. तिथं तर डग्गा औषधालाही नाही.”

“किती जुनी? १९२५च्या आधीची असतील तर सोडून दे. तेव्हा माइक कुठला? गाणारा कर्ण्यात तोंड घालून गायचा आणि त्या आवाजाच्या जोरावरच सुई मेणावर चर कोरायची. डग्गा त्यात जेमतेम उतरायचा. जे कोरलंच नाही ते इक्वलायझर आणणार कुठनं? बेस वाढवलास तर खालची घरघर तेवढी वाढेल. ती गाणी बेस न वाढवता ऐकावीत, गळा ऐकावा. आणि कुणी गाणी दाबून लहान करून दिली असतील तर तेही बघ. चौसष्टच्या बिटरेटला टाळ-झांजा पाण्यात बुडाल्यासारख्या येतात. त्याच फायली पुन्हा तीनशेवीसच्या केल्या तर फक्त कार्ड भरतं.”

“रात्री उशाशी अगदी हळू लावतात, तेव्हा तर डग्गा पारच गायब होतो.”

“तो कानाचा गुण आहे. आवाज लहान केला की खर्ज आपल्याला जास्तच कमी ऐकू येतो. अमेरिकेत फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी १९३३ साली त्याचे आलेख काढून ठेवलेत. जुन्या डेकवर ‘लाउडनेस’चं बटण असायचं ते त्याचसाठी. रात्री पट्टी किंचित चढवली तर चालेल. हळू आवाजात फाटत नाही.”

“बरं, कोपऱ्यावरच्या घरातलं कळलं का? धाकट्यानं स्टुडिओतला हेडफोन मागवला. सासूबाईंना किंमत निम्मीच सांगितली. आणि मोबाइलला लावला तर पुटपुटतोय नुसता!”

“किती ओहमचा?”

“अडीचशे म्हणे.”

“मग पुटपुटेल नाही तर काय! मोबाइलला सोळा-बत्तीसवाले बरे, अडीचशेला मोठा व्होल्टेज लागतो. त्यात खोट काही नाही, चांगलाच असणार तो. परत पाठवतोय का?”

“मुदत संपली. विकतो म्हणतोय.”

“हळू बोल. माळ्यावर ह्यांचा जुना अॅम्प्लिफायर आहे, त्याला हेडफोनचं भोक आहे. तू मला आधी आकडा काढून आण. सासूबाईंना सांगितलेला नको, खरा.”