बोट तुटलं? त्याच दिवशी लिहून घ्या!

उत्रोलीत एमआयडीसी कधी उभी राहणार, हा भोरमधला जुना विषय. ती येईल तेव्हा येईल. इथली पोरं कंपनीत कधीच लागली आहेत, शिरवळला नाहीतर खेड-शिवापूरला. बहुतेक ठेकेदाराकडून. त्यांच्यासाठी आजच भांडावं अशी एक गोष्ट आहे: अपघाताची नोंद.

प्रेसमध्ये बोट गेलं की पहिला फोन ठेकेदाराला जातो. मग ओळखीचा खासगी दवाखाना, टाके, आणि समजूत: ‘खर्च आम्ही बघतो, लिहापढीच्या भानगडीत पडू नको.’ दुसऱ्या दिवशी पट्टी बांधलेला तोच पोरगा गेटवर हजर. काम नाही, नुसतं बसून राहायचं. कारण मृत्यू झाला किंवा जखमीला ४८ तास वा त्याहून जास्त काम करता आलं नाही, तर वरती कळवणं मालकावर बंधनकारक आहे. १९४८ च्या कारखाने कायद्यात ही मुदत होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षा संहितेतही तीच आहे. हजेरी लागली, की कागदावर अपघातच झालेला नसतो.

ही चोरी आहे. आणि तिची वाट कायद्यानेच मोकळी ठेवली आहे. संहितेत इतर प्रकारच्या दुखापती नियमांत घालायची सोय आहे. महाराष्ट्राने ती वापरावी: अवयव तुटला, हाड मोडलं, की हजेरी न बघता कळवणं सक्तीचं.

तोवर कामगाराच्या हातात आहे ते अपघाताचं पुस्तक. ईएसआयच्या, म्हणजे कामगार विमा योजनेच्या, १९५० च्या विनियमांतला फॉर्म ११. दुखापत कशी, कुठे, किती वाजता झाली, त्या क्षणी माणूस नेमकं काय करत होता, दोन साक्षीदार कोण, हे सगळं त्यात येतं. खबर तोंडी दिली तरी चालते, आणि जखमीच्या वतीने दुसऱ्यानेही दिलेली चालते. हे फार थोड्यांना ठाऊक असतं.

पुस्तकातल्या या नोंदीवर पुढचं सगळं उभं राहतं. ईएसआय असेल तर तात्पुरत्या अपंगत्वात पगाराच्या सुमारे ९० टक्के रक्कम मिळते. १९२३ च्या भरपाई कायद्याच्या परिशिष्टात अख्खा अंगठा गेला तर कमाईची क्षमता ३० टक्के घटली असं धरत, तर्जनी गेली तर १४ टक्के. पण बोट कंपनीतच तुटलं, हे आधी सिद्ध व्हावं लागतं. सहा महिन्यांनी ठेकेदार बदललेला असतो आणि शेजारच्या मशीनवरचा साक्षीदार गावी गेलेला असतो.

आजारांचं तर याहून वाईट. प्रेसच्या आवाजाने येणारं बहिरेपण, धुळीने होणारा सिलिकोसिस हे कायद्याने कळवायचे आजार आहेत, आणि ते कळवणं तपासणाऱ्या डॉक्टरवरही बंधनकारक आहे. पण बहिरेपण एका दिवसात येत नाही, म्हणून ते कुणी लिहीतच नाही.

मुळशीत उरवड्याला ७ जून २०२१ रोजी आगीत १७ कामगार गेले, देशभर बातमी झाली. एका बोटाची बातमी होत नाही. तेव्हा पोरगं पट्टी बांधून घरी आलं, तर भरपाईचं नंतर विचारा. आधी विचारा, पुस्तकात लिहिलं का, आणि त्या पानाचा फोटो घेतला का. नसेल, तर त्याच संध्याकाळी सुपरवायझरला फोन लावा आणि तारीख-वेळ घालून मेसेजही पाठवा.