बापूंचा रुपया

बापू रस्त्यात भेटले की आधी तुमच्याकडे पाहत नाहीत. तुमच्या गाडीच्या पुढच्या डाव्या चाकापाशी वाकतात, खिशातून रुपयाचं नाणं काढतात, टायरच्या खाचेत खुपसतात, डोळा बारीक करून पाहतात आणि मग गुडघ्यावर हात टेकत उठून विचारतात, "बाकी?" या 'बाकी'त तुम्ही, तुमची शुगर, पोराचा निकाल, असं सगळं येतं. प्रत्येक गावाला असा एक माणूस वाटून दिलेला असतो. कुठं त्याचा जीव इन्व्हर्टरच्या बॅटरीत अडकतो, कुठं पाण्याच्या टाकीत. मोर्शीच्या वाट्याला टायर आले.

नाणंही साधं नाही. त्यावर काकूंच्या नेलपॉलिशच्या दोन बारीक रेघा आहेत. खालची १.६ मिलिमीटरवर, खाच त्याहून उथळ झाली की टायर बेकायदेशीर. वरची तीन मिलिमीटरवर, ती बापूंची स्वतःची. "कायदा मेल्यावर लागते भाऊ," ते म्हणतात, "मी त्याच्या आधी लागतो." आणि लागतातच. एकदा नवरदेवाची गाडी मंगल कार्यालयाच्या दारात थांबली, तर ओवाळणाऱ्या बायकांच्या आधी बापू चाकापाशी वाकलेले. मुलीकडच्या दोन म्हाताऱ्यांना वाटलं, या घराण्याची रीतच असेल. त्यांनी टायरला हळदकुंकू वाहिलं. एसटीच्या चाकात रुपया घातला तर कंडक्टर खिडकीतून ओरडला, "काका, सुट्टे तिकडं काहून टाकता, इकडं द्या न!" वरुडकडून संत्रा भरून निघालेले ट्रक चहाला थांबले की ड्रायव्हर आधी बापू आहेत का ते पाहतात. मयतीलाही सुटका नाही. स्वर्गरथ दारात उभा, आतून रडण्याचा आवाज, आणि बापू मागच्या चाकाशी बसून हळूच म्हणतात, "पार गोटा झाला बावा. एकाले न्यायले आला, चौघायले घेऊन जाईन."

२०२३ साली समृद्धी महामार्गावर टायर फुटून अपघात व्हायला लागले आणि आरटीओची माणसं गाड्यांचे टायर तपासू लागली, तेव्हा बापूंनी महिनाभर असा चेहरा ठेवला होता, जणू परिवहन खात्यानं त्यांचं पत्र वाचलं.

आमच्या घरात हे प्रकरण अर्टिगामुळे शिरलं. आमच्या चिरंजीवांना मूळची पंधरा इंची चाकं 'बारकी' दिसू लागली. त्याला सतरा इंची अलॉय हवे होते, काळे, मधे लाल रेघ असलेले. मी अमरावतीला दुकानात जायचं कबूल केलं आणि निघताना बापू गाडीत येऊन बसले. कुणी बोलावलं, ते अजून कळलेलं नाही.

दुकानात त्यांनी पहिल्या टायरच्या कडेवर बोट ठेवलं. "वाच." पोरानं वाचलं, १८५/६५ आर १५. "म्हंजे काय?" पोरगा गप्प. मग शिकवणी सुरू. रुंदी १८५ मिलिमीटर, उंची त्याच्या ६५ टक्के, म्हणजे रिमच्या वर रबर १२० मिलिमीटर. चाकाची एकूण उंची वाढवून चालत नाही, नाहीतर स्पीडोमीटर खोटं बोलू लागतो. मग रिम दोन इंच वाढवली तर घटणार काय? रबरच. २०५/४५ आर १७ घेतला की ते १२० चं उरतं ९२. "खड्डा रबर खाते, रिम नाही खात. सालबर्डीच्या जत्रेले जाशीन, घरचे सात जन, वरून संत्र्याच्या पेट्या. रिम वाकली की महादेव येईन काय जॅक लावाले?" मग वजनाचा आकडा आला. आपल्या टायरवर ८८, म्हणजे एकेका चाकाला ५६० किलो. दुकानदारानं दाखवलेल्या सतराच्या टायरवर ८४, म्हणजे ५००. मग टायरवरचे तारखेचे चार आकडे: पहिले दोन आठवडा, नंतरचे दोन साल. बापूंनी दुकानातले सगळे टायर फिरवून तारखा वाचल्या आणि त्यातला एक जुना काढून काउंटरवर ठेवला, जसा काय उंदीर पकडला. दुकानदारानं आधी चहा पाजला, मग पुन्हा पाजला, मग विचारलं, "काका, घेनार कोन हाये?"

"घ्याचं याले हाये. मी पाहाले आलो."

निघताना त्यानं नायट्रोजन भरून देतो म्हटलं. बापू हसले. हवेत ७८ टक्के तोच असतो आणि तो देव फुकट देते, म्हणाले. आम्ही जुन्याच चाकांवर, फक्त अलाइनमेंट करून परत आलो. मोर्शी येईपर्यंत चिरंजीव माझ्याशी बोलले नाहीत.

आता बापूंची लेक. ती कॅनडात, मॉन्ट्रियलला. तिथल्या क्युबेक प्रांतात १ डिसेंबर ते १५ मार्च गाडीला हिवाळी टायर सक्तीचे आहेत. हा कायदाच तिथं २००८ पासून. बापूंना कायद्याच्या आधी लागायची सवय, त्यामुळे ऑगस्टातच अभ्यास सुरू झाला. ज्या माणसाला थंडी ठाऊक ती फक्त आंबिया बहाराला ताण देण्यापुरती, तो कट्ट्यावर सांगू लागला की सात अंशांच्या खाली साधं रबर कडक होतं, बर्फातल्या टायरचं रबरच वेगळं असतं, आणि त्याच्यावर तीन शिखरांचा डोंगर नि मधे हिमकण असं चिन्ह असतं. काकूंना एक दिवस फ्रीजरमध्ये मटारच्या पिशवीखाली टायरचा हातभर तुकडा सापडला. तो बापूंनी तीन दिवस गोठवला होता. आम्हाला बोलावून प्रत्येकाला अंगठ्यानं दाबायला लावला.

अडचण निराळीच होती. जावयानं नवी मिनीव्हॅन घेतली होती आणि त्याला तिला वीस इंची अलॉय लावायचे होते. बर्फात तर उलट हवं. लहान रिम, जाड रबर, जरा अरुंद टायर. पण अधिकमासात ज्याला तेहतीस अनारसे द्यायचे, त्याला 'तुमचं चाक चुकलं' हे कोणत्या तोंडानं सांगणार? मोर्शीत सकाळचे सात वाजले की तिथं आदली रात्र. त्या वेळी बापू इस्त्रीचा सदरा घालून व्हिडिओ कॉलवर बसत आणि म्हणत, "जावईबापू, तुमचं तं बरोबरच हाये. पन आमच्या इकडं एक पोरगा हाये, त्यानं मोठ्या रिमा टाकल्या, अन् पहिल्याच खड्ड्यात वाकल्या." तो पोरगा म्हणजे आमचा. ज्याला एक अलॉय मिळाला नाही, तो मॉन्ट्रियलमध्ये रिम वाकवणारा म्हणून गाजला.

डिसेंबरात कट्ट्यावर मोर्शीचा पारा कुणी विचारला तर बापूंना सांगता येत नसे. मॉन्ट्रियलचा तोंडपाठ. "आज उणे अठरा." मग थोडं थांबून, "पोट्टी लेकराले शाळेत सोडाले स्वतः चालवते." त्या दिवशी त्यांनी दुसरं नाणं दाखवलं. त्यावर एकच रेघ, पाच मिलिमीटरच्या जवळ. बर्फातल्या टायरची खाच त्याखाली गेली की तो कामाचा नाही. इकडच्या कुठल्या माणसाबरोबर हे पाठवता येईल, याची ते चौकशी करत होते. हा माणूस मला आवडला तो त्या दिवशी. थोडाच.

हिवाळाभर गाडी सतरा इंची हिवाळी टायरांवर राहिली. एप्रिलात जावयानं ते काढून वीस इंची चढवले आणि फोटो पाठवला. बापूंनी तो कट्टाभर फिरवला. "उन्हाळ्यात वीस चालते. शोभून दिसते बरं. माह्यंच म्हननं होतं."

चिरंजीव शेजारीच उभे होते. "काका, मंग माह्ये सतरा?"

बापूंनी फोन खिशात घातला. "तू कोनाचा जावई हायेस काय अजून? आधी होय, मंग पाहू."