वाणगावलाही भुयार हवं

आम्हा वाणगावकरांचं सरकारकडे एकच मागणं आहे: आमचं स्टेशन जमिनीखाली न्या. मुंबईत मेट्रो-3 ची 27 पैकी 26 स्टेशनं भुयारात गेली. वांद्रे-कुर्ला संकुलात बुलेट ट्रेनसाठी 32 मीटर खोल खणलं, म्हणजे चांगले दहा मजले. आणि आम्ही अजून उन्हात, डहाणू लोकलची वाट बघत.

पात्रतेत आम्ही कुठे कमी नाही. जमिनीखाली काम चालू हवं म्हणता? डहाणू-तलासरीत नोव्हेंबर 2018 पासून चालू आहे. धुंदलवाडीच्या आसपास धरणी हलायला लागली, ना भूमिपूजन, ना निविदा, ना कंत्राटदार. मुंबईकर तिकीट काढून जमिनीखाली उतरतात. आमची माणसं त्या थंडीत घर अंगावर पडेल या धास्तीने बाहेर तंबूत झोपली. तंबू सरकारी होते, ही विकासाची बाजू.

मोबाइलचं म्हणाल तर मेट्रो सुरू झाली तेव्हा भुयारात रेंजच नव्हती. मेट्रोवाले आणि मोबाइल कंपन्या यांचं जमेना, आणि प्रवासी हवालदिल. आमच्या पाड्यांवर रेंजसाठी टेकाडावर चढावं लागतं. तिथे सरकता जिना नाही, एवढाच काय तो अनुशेष.

राहता राहिलं पाणी. वरळीचं आचार्य अत्रे चौक स्टेशन 10 मे 2025 ला सुरू झालं आणि 26 मे ला, पहिल्याच मोठ्या पावसात, फलाटावर गढूळ पाण्याचा लोंढा. अर्धवट राहिलेल्या दरवाजापाशी पाणी अडवणारी भिंत कोसळली, असा खुलासा झाला. नाव तरी कुणाचं दिलं होतं! अत्रे असते तर ‘मराठा’त गेल्या दहा हजार वर्षांचा हिशोब मांडून बसले असते. आमच्याकडे रूळ पाण्याखाली गेले तर त्याला दुर्घटना म्हणत नाहीत, पावसाळा म्हणतात.

बुलेट ट्रेन 508 किलोमीटर धावणार, 12 ठिकाणी थांबणार. डहाणू-तलासरीतून ती जाते. जमिनी इथल्या गेल्या, थांबा मात्र बोईसरला. ‘बोईसर शेजारीच तर आहे,’ असं समजावतात. आहे ना, लोकल आली तर शेजारीच आहे.

मागणीत अडचण म्हटली तर एकच, मिरचीची. वाणगावची मिरची पोत्यांनी मुंबईला जाते, आणि भुयारी स्टेशनात सामान तपासायला यंत्र असतं. ठासून भरलेलं पोतं त्या पट्ट्यावर चढवायचं, ते मधेच अडकणार, मागून बाया ‘अगो, लोट की!’ म्हणून ओरडणार, आणि पोत्याची शिवण उसवणार. वर ते बंदिस्त भुयार, त्यात एसी चालू. उद्घाटनाच्या पाहुण्यांना निमंत्रणातच कळवू: रुमाल आणावेत.